समुद्राशी पहिली ओळख
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोनवर सांगितलं होतं, "ताई, तुम्ही कॉम्प्युटरवर बोला. पोरांना मार्गदर्शन होईल." मी हो म्हटलं. पण गाडीतून येताना विचार केला, कॉम्प्युटरबद्दल या पोरांना आता माझ्यापेक्षा जास्त कळतं. प्रत्येकाच्या खिशात एकेक आहे. म्हणून आज मी समुद्राबद्दल बोलणार आहे. बेंबळीत उभं राहून समुद्राबद्दल बोलणं हा विनोद वाटेल. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकर आला तरी सण असतो. पण मला जे सांगायचं आहे त्याचं मूळ याच शाळेत आहे, म्हणून पंधरा-वीस मिनिटं सहन करा.

आमच्या लहानपणी 'भरपूर पाणी' म्हणजे काय, याची मापं ठरलेली होती. पहिलं माप म्हणजे मळ्यातली विहीर. दुसरं, पावसाळ्यात सहल गेली की नळदुर्गच्या किल्ल्यातला नर-मादी धबधबा. तिसरं आणि सगळ्यांत मोठं, माकणीचं धरण. याच्या पुढचं पाणी फक्त नकाशात होतं, निळ्या रंगाचं. विहिरीत मुलं पोहायची. पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून काका-मामा त्यांना वरून ढकलून द्यायचे आणि चार दिवसांत पोरगं पोहायला लागायचं. आम्ही मुली काठावर बसून कपडे सांभाळायचो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, आम्हालाही नाही. मी बारावी झाले, औरंगाबादला इंजिनिअरिंग झाले, आणि २००४ साली पुढच्या शिक्षणासाठी सिंगापूरला गेले, तोवर गुडघ्याच्या वर पाण्यात उतरले नव्हते. आणि जाऊन पडले ते चारी बाजूंनी पाणी असलेल्या बेटावर! विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटर. थंडी नाही, उन्हाळा नाही, बारा महिने एकच दमट हवा आणि दुपारी चार वाजता ठरल्यासारखा पाऊस.

डिसेंबरात सुट्टी लागली. आम्ही पाच मैत्रिणींनी ठरवलं की दोन-तीन दिवस मलेशियातल्या पेनांग बेटावर जायचं. एक सांगलीची, एक मदुराईची, एक केरळची, एक व्हिएतनामची आणि मी. विमान परवडत नव्हतं. सिंगापूरच्या बीच रोडवरून रात्रीची बस सुटायची, ती सकाळी पेनांगला पोचवायची. शुक्रवारी २४ डिसेंबरला रात्री बसलो. सकाळी बस साडेतेरा किलोमीटरच्या पुलावरून बेटावर शिरली, तेव्हा खिडकीतून खाली समुद्र दिसला. सांगलीची मैत्रीण म्हणाली, "अगं, कृष्णेला पूर आल्यावर असंच दिसतं." मी काही बोलले नाही. माझ्याकडे तुलनेला काही नव्हतंच.

मदुराईच्या मैत्रिणीचा मावसभाऊ तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात नोकरीला होता. तो गावी गेला होता आणि त्याचा चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट त्याने आम्हाला दिला होता. सामान टाकलं आणि आम्ही बस धरून बेटाच्या उत्तरेकडच्या बाटू फरिंगी नावाच्या किनाऱ्यावर गेलो.

तो शनिवार माझ्या आयुष्यातला एक फार चांगला दिवस आहे. केरळची मैत्रीण बॅकवॉटरच्या काठावर वाढलेली, पाण्यातली मासोळी. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "पाण्याशी भांडू नकोस. अंग सैल सोड. पाणी तुला वर ठेवतं, फक्त मान मागे टाक." विहिरीच्या पाण्यापेक्षा समुद्राचं पाणी मिठामुळे जरासं जड असतं, त्यामुळे त्यात माणूस थोडा सहज तरंगतो, हे मी बारावीला फिजिक्समध्ये लिहून मार्क मिळवले होते. पण ते अंगाला कळलं त्या दिवशी. दोन तास नाकातोंडात पाणी गेल्यावर एकदाची मी पाठीवर तरंगले. कानात पाणी, डोळ्यांवर आभाळ, आणि खाली जमीन नाही. तेविसाव्या वर्षी!

किनाऱ्यावर एक मलाय बाई गाड्यावर तळलेली केळी विकायची. आपल्या भज्यांसारखीच, आत केळं. मी लाटांकडे पाठ करून उभी राहिले की ती लांबून ओरडायची आणि हाताने वळ म्हणून खुणवायची. नंतर केळी घ्यायला गेल्यावर तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं: समुद्राला कधी पाठ दाखवायची नाही. मी म्हटलं, आमच्याकडे बैलाबद्दल असंच सांगतात. ते भाषांतर करताना फार तारांबळ झाली, पण ती खूप हसली.

संध्याकाळी सांगलीकरणीची पाठ आणि खांदे उन्हाने भाजून लाल झाले होते. रात्रभर ती पालथी झोपली. रविवारीही समुद्रावरच जायचं ठरलं होतं, पण तिला ऊन सोसवेना. म्हणून बेत बदलला: रविवारी पेनांग हिलवर जायचं, तिथे गारवा असतो, आणि समुद्र सोमवारी. बेत बदलण्यात कुणाचं काही शहाणपण नव्हतं. कारण फक्त भाजलेली पाठ.

मंडळी, तो रविवार होता २६ डिसेंबर २००४.

सकाळी नऊच्या सुमारास मी चहा करत होते. छताला टांगलेला दिवा हलायला लागला. बादलीतलं पाणी इकडून तिकडे जायला लागलं. आवाज काही नाही, पडझड नाही, फक्त संथ हेलकावा. मैत्रिणी एकमेकींना विचारत होत्या की चक्कर मला येतेय का तुला. मी गॅस बंद केला आणि ओरडले, "खाली चला, जिन्याने!" चौदा मजले आम्ही अनवाणी उतरलो. व्हिएतनामची मैत्रीण नंतर म्हणाली, तुझा चेहरा पाहूनच मी पळाले.

हे मला कुणी शिकवलं होतं? ते आपल्या इथल्या जमिनीने आणि या शाळेने. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती विसर्जन करून सगळे उशिरा झोपलेले, आणि पहाटे चार वाजायला चार मिनिटं असताना किल्लारीचा भूकंप. मी तेव्हा सातवीत होते. किल्लारी, सास्तूर हा सगळा आपल्या शेजारचाच मुलूख. सुमारे आठ हजार माणसं गेली. पुढे कित्येक महिने आपण सगळे घरं सोडून अंगणात, शेतात, पत्र्याच्या आडोशाला झोपत होतो, तुम्हाला आठवत असेल. शाळा पुन्हा भरली तेव्हा वर्गात बसायला कुणी तयार नव्हतं. भूगोलाच्या सरांनी लिंबाखाली तास घेतला. फळा नव्हता, सरांनी काडीने मातीवर रेघा ओढल्या. जमीन का हलते, एका धक्क्यानंतर आणखी धक्के का येतात, घरातून कसं निघायचं, मोकळ्यावर किती वेळ थांबायचं, हे त्यांनी सांगितलं. आणि एकेकाला उभं करून म्हणायला लावलं. त्या दिवशी मला ते पाठांतर वाटलं. अकरा वर्षांनी, सुमारे तीन हजार किलोमीटर दूर, परक्या देशातल्या चौदाव्या मजल्यावर ते पाठांतर पायांत आलं.

खाली आवारात बरीच माणसं जमली होती. तासाभराने सगळे आपापल्या कामाला लागले. रविवार, नाताळची सुट्टी, पौर्णिमा. माझ्या घरी त्या दिवशी दत्तजयंती होती. लोक डबे घेऊन, पोराबाळांना घेऊन किनाऱ्याकडे निघाले. आम्ही डोंगराकडे निघालो. १९२३ साली सुरू झालेली दोरावर चालणारी रेल्वे तिथे वर घेऊन जाते, तिच्या रांगेत उभ्या राहिलो. दुपारी सव्वा एकच्या सुमारास आम्ही शिखरावर होतो. त्याच वेळी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, आदल्या दिवशी मी जिथे तरंगले होते, तिथे समुद्र आत आला. आम्हाला वरून काहीही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. आम्ही फोटो काढत होतो.

पेनांगमध्ये ५२ माणसं गेली, सगळ्या मलेशियात ६८. त्यांत सहलीला आलेली पुष्कळ मुलं होती. इंडोनेशिया, श्रीलंका, भारत, थायलंड धरून एकूण दोन लाखांहून अधिक. आपल्या तामिळनाडूत नागपट्टिणमला, अंदमान-निकोबारला काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंत.

संध्याकाळी कार्ड घालून बूथवरून घरी फोन लावला. वडिलांनी टीव्हीवर बातम्या पाहिल्या होत्या. हॅलो नाही, काही नाही, पहिला प्रश्न: "जमिनीवर हाईस का माळ्यावर?" किल्लारी पाहिलेल्या माणसाचा प्रश्न. त्यांच्या लेखी मोकळी जमीन म्हणजे सुरक्षित. त्यांना कसं सांगू की आज जमिनीवर असणाऱ्यांचीच वाट लागली आणि आम्ही उंचावर होतो म्हणून वाचलो?

सोमवारी आम्ही त्या किनाऱ्यावर गेलो. मी जाऊ या म्हटलं, कारण त्या केळीवाल्या बाईचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. होड्या फुटून पडल्या होत्या. वाळूत चपला, डबे, लहान मुलांचे कपडे. ती बाई होती. गाडा नव्हता. ती वाळू हाताने उपसून आपली भांडी शोधत होती. आम्ही पाचही जणी तिच्याबरोबर बसलो आणि भांडी शोधायला लागलो. एक कढई मिळाली, एक झारा मिळाला. तिने सांगितलं की आधी पाणी मागे गेलं, कधी उघडी न पडणारी जमीन उघडी पडली, मासे तडफडताना दिसले, आणि लोक ते बघायला, वेचायला पुढे गेले. तिच्या दिराने नुसतं "पळा" म्हणून हाताला धरून ओढलं, म्हणून ती वाचली. शेजारच्या गाड्याकडे तिने दोन बोटं दाखवली आणि मान हलवली. भाषा नसूनही आम्हाला समजलं.

मंडळी, मी इंजिनिअर आहे. मला त्या दिवसाचा जो भाग आजही झोपू देत नाही, तो लाटेचा नाही. तो वेळेचा आहे. भूकंप झाला पेनांगच्या वेळेप्रमाणे नऊला एक मिनिट कमी असताना, सुमात्राच्या पश्चिमेला. लाट आली सव्वा एकला. मध्ये चार तासांहून जास्त वेळ होता! चेन्नईला लाट पोचायला सुमारे अडीच तास लागले, श्रीलंकेला सुमारे दोन तास. चार तासांत माणूस बेंबळीहून पुण्याच्या वाटेला लागतो. किनाऱ्यावरून शंभर-दोनशे पावलं चढावर जायला दहा मिनिटं पुरतात. प्रशांत महासागरासाठी हवाईत जे इशारा केंद्र आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी भूकंपानंतर पंधरा मिनिटांत पहिलं पत्रक काढलं होतं. पण हिंदी महासागरासाठी तशी यंत्रणाच नव्हती. कुणी कुणाला कळवायचं हे ठरलेलं नव्हतं. माहिती होती, वेळ होता, पण माहितीपासून माणसापर्यंत रस्ता नव्हता.

माझ्या व्यवसायात आम्ही दिवसभर हेच करतो. कुठली यंत्रणा बिघडली की घंटा वाजवायची. नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते: घंटा वाजवणं सोपं आहे, ती ज्याने ऐकायची त्याच्या कानापर्यंत गेली का ते बघा, आणि ऐकल्यावर काय करायचं हे त्याला माहीत आहे का तेही बघा. पहिलं काम यंत्राचं. दुसरं काम शाळेचं.

यंत्राचं काम पुढे बरंच झालं. हैदराबादला २००७ च्या ऑक्टोबरपासून आपलं त्सुनामी इशारा केंद्र चालू आहे. समुद्रतळावर दाबमापक बसवलेत, भरती-ओहोटीची केंद्रं जोडलीत. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राजवळ पुन्हा ८.६ चा भूकंप झाला, तेव्हा काही मिनिटांत देशोदेशी इशारे गेले. त्या वेळी जमीन आडवी सरकली होती, त्यामुळे मोठी लाट उठली नाही, पण निरोप पोचले.

दुसरं काम, शाळेचं, त्याची दोन उदाहरणं सांगते. त्याच रविवारी थायलंडमध्ये फुकेतच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्लिश मुलगी आई-वडिलांबरोबर आली होती. पाण्याला विचित्र फेस आलेला तिने पाहिला. दोनच आठवड्यांपूर्वी तिच्या भूगोलाच्या शिक्षकांनी वर्गात त्सुनामी शिकवली होती. तिने आरडाओरडा करून आई-वडिलांना सांगितलं, त्यांनी रखवालदाराला सांगितलं, किनारा रिकामा झाला आणि सुमारे शंभर माणसं वाचली.

दुसरं उदाहरण मला त्याहून मोठं वाटतं. भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ सिमुलुए नावाचं बेट आहे. तिथे १९०७ साली अशीच लाट आली होती. तेव्हापासून तिथल्या आज्या नातवंडांना झोपवताना, गोष्टीत आणि गाण्यात एक शब्द सांगत आल्या: 'स्मोंग'. जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला, की कशाचीही वाट न बघता डोंगरावर पळा. जवळपास शंभर वर्षं तो शब्द नुसता गाण्यात जगला. २००४ मध्ये तिथे लाट पोचायला काही मिनिटंच लागली. बेटावर सत्तर हजारांहून जास्त लोकवस्ती. मेली सात माणसं. ना फोन, ना उपग्रह. जात्यावरच्या ओव्यांमधून आपल्या आज्यांनी जसं शेतीचं, बाळंतपणाचं, नात्यागोत्याचं शहाणपण पुढे दिलं, तसंच हे.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आपल्या तालुक्यात कुठली आलीय त्सुनामी? बरोबर आहे. पण आपली मुलं आता समुद्रावर जातात. शाळेची, कॉलेजची सहल गणपतीपुळ्याला, अलिबागला, गोव्याला जाते. ज्यांनी आयुष्यात भरती-ओहोटी पाहिली नाही अशी पठारावरची पोरं थेट पाण्यात शिरतात. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. तिथे काही त्सुनामी नव्हती. आणि पश्चिम किनाराही अगदी निर्धोक नाही. १९४५ च्या नोव्हेंबरात मकरानच्या भूकंपाने उठलेल्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या.

म्हणून शाळेकडे आणि आपल्या माजी विद्यार्थी मंडळाकडे माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली. किनाऱ्यावरची सहल निघण्याआधी भूगोलाचा एक तास फक्त समुद्राचा व्हावा. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा सरकते. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं. दोन लाटांच्या मध्ये जिथे पाणी शांत दिसतं, तिथेच बऱ्याचदा आत ओढणारा प्रवाह असतो. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झगडत यायचं नाही, आडवं पोहून बाहेर पडायचं, जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करायचा. आणि जमीन हलली किंवा समुद्र एकाएकी मागे गेला, तर बघत उभं राहायचं नाही. चढावर पळायचं. एवढंच. आणि आमच्या सरांसारखं एकेकाला उभं करून म्हणून घ्यावं. पाठांतर होऊ दे. पुढे ते पायांत येतं.

दुसरी. मुलींना पोहायला शिकवा. मुलांना विहीर शिकवते, मुलींना कुणी शिकवत नाही. दहावी होण्याआधी प्रत्येक मुलीला पाठीवर तरंगता आलं पाहिजे. धाराशिवला किंवा लातूरला तलावावर सुट्टीत पंधरा दिवसांची शिबिरं करता येतील. जाण्या-येण्याचा आणि शिकवणाऱ्या बाईंचा पहिल्या तीन वर्षांचा खर्च मी देते. शब्द इथे सगळ्यांसमोर देते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

तिसरी. १९९३ ची पहाट ज्यांनी पाहिली, ते आता चाळिशीच्या पुढचे आहेत. समोर बसलेल्या दहावीच्या मुलांना किल्लारी हा पुस्तकातला एक परिच्छेद आहे. दर वर्षी ३० सप्टेंबरला एक तास त्यांना लिंबाखाली बसवा आणि गावातल्या कुणातरी आजोबांना, आजीला बोलवा. काय झालं ते सांगू दे, आणि काय करायचं तेही सांगू दे. सिमुलुएच्या आज्यांनी शंभर वर्षं केलं, आपल्याला तीस वर्षांत विसर पडू नये.

आमचे भूगोलाचे सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तुम्ही त्या दिवशी काडीने मातीवर ओढलेल्या रेघा पुढच्या पावसात पुसल्या गेल्या असतील. पण त्यांच्या जोरावर पाच मुली चौदा मजले उतरल्या. त्यांतल्या चौघींना तुमचं नाव माहीत नाही, त्यांच्या वतीने मी तुम्हाला नमस्कार करते.

जेवणाची वेळ झाली आहे आणि आमटीचा वास इथपर्यंत आला आहे, त्यामुळे थांबते. शिबिराला नावं द्यायची असतील तर जेवण झाल्यावर मी ग्रंथालयाच्या पायरीवर वही घेऊन बसणार आहे. मुलींच्या आयांनी आधी यावं. त्यांना स्वतःला शिकायचं असेल तर त्यांचंही नाव लिहून घेईन.